कारणाचा रकाना

अर्जावर नववा रकाना आहे :
‘जोखीम पत्करण्याचे कारण, थोडक्यात’.
चार बोटं रुंद, एक बोट उंच.
मच्छीमार संघाच्या कचेरीत सतरा वर्षं
मी असले रकाने भरतोय :
बोटीचं नाव, जाळ्याचा आकार, किती किलो, कोणत्या भावानं.
आज नवव्यापाशी पेन अडलंय.

समोर ओब्दुलिया बसली आहे.
केसांतून अजून मीठ सांडतंय,
डाव्या हाताची तीन नखं गेली आहेत
आणि ती विचारतेय, कॉफीत साखर का नाही.

हे गालिसियाचं टोक. इथल्या किनाऱ्याला
नकाशावरसुद्धा मरणाचंच नाव आहे.
कडा संपतो आणि लाट फुटते, नेमकी तिथंच
पेर्सेबे उगवतात : काळ्या कातडीची, बोटाएवढी,
टोकाला नखासारखा शिंपला.
शांत पाण्यातली पाणचट, त्यांना कुत्रं विचारत नाही.
समुद्र जिथं हाणतो तिथली गच्च आणि महाग.
नाताळात माद्रिदला एका ताटाचे
लोक काय मोजतात ते मी सांगत नाही, बायको रडते.
तेव्हा पैशासाठी जीव टांगणीला लावणं
आम्हाला कळतं. त्याला वेगळा रकाना आहे, तिसरा.

पण काल पैसे नव्हते.
काल आमारो होता.

आमारो लोउसादा, बिनपरवान्याचा,
रात्रीच्या ओहोटीला तिच्याच खडकावर उतरून
करंगळीएवढी पिल्लंसुद्धा खरवडून नेणारा.
अकरा वर्षं ती त्याला पाण्यात बघत होती.
काल सकाळी साडेदहाला
तो खरोखरच पाण्यात दिसला.

मीही होतो तिथं. इथंच लिहून ठेवतो,
कारण साक्षीदारानं काय केलं
याला अर्जात रकानाच नाही.
आम्ही आठ जण कड्यावर.
कुणी फोन लावला, कुणी मारियेचं नाव घेतलं.
मी बुटाची नाडी सोडायला वाकलो
आणि सोडतच राहिलो.

तिनं बूट काढलेच नाहीत.
लाटा मोजल्या. सहा. सातवी, मोठी.
मग समुद्र श्वास घेतो तेवढी फट,
त्या फटीत ती गेली, बाजारात जावं तशी,
कमरेची दोरी भाचीच्या हातात देऊन.
इरिया. सोळा वर्षांची. तिचं नाव अर्जात कुठं बसवू?

‘का?’ मी विचारतो. ‘लिहावं लागतं.’
ती म्हणते, लिही, दोरी नवी होती.
हे कारण नव्हे, मी म्हणतो.
मग लिही, त्याला सातवी लाट ठाऊक नव्हती.
दुसऱ्या गावचा तो, कुणी शिकवलंच नसेल.
मग म्हणते, त्याचा एक बूट तरंगत होता,
बुटाला ठिगळ होतं, सायकलच्या ट्यूबचं.
माझ्या बापाच्या बुटाला अगदी...
नाही, ते खोड. बापाचं काही नाही त्यात.

कॉफी ढवळत राहते,
साखर कधीच विरघळून गेलेली.

खरं सांगू? उडी मारली तेव्हा
मी अजून ठरवतच होते.
पाय पुढं गेले, त्यांच्यामागून मी.
त्याची कॉलर हातात आली
आणि माझ्या तोंडून पहिलं काय निघालं? शिवी.
वर येईस्तोवर शिव्याच घालत होते.
खडकाला लागलो तेव्हा त्यानंही एक हासडली.
म्हटलं, जगतोय.

दारातून वळून म्हणते,
परवाना मात्र द्यायचा नाही त्याला. तेही लिही.

खुर्चीवर ओला डाग, नकाशासारखा.
मी नवव्या रकान्यात लिहिलं : ‘दोरी नवी होती.’
शिक्का मारला, पाकीट चिकटवलं.

रात्री घरी बूट काढायला बसलो.
नाडीचं एक टोक धरून ओढलं,
गाठ एका झटक्यात सुटली.